गाव वेशीबाहेर येतं तेव्हा

आमच्याकडं जत्रा म्हटली की गाव भरतं. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं येतात, लेकी येतात, जावई येतात, पाय ठेवायला जागा उरत नाही. मालवणकडच्या काही गावांत बरोब्बर उलटं असतं, हे मला पन्नाशी उलटली तरी ठाऊक नव्हतं. तिथं दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव घरांना कुलपं घालतं आणि हद्दीबाहेर जाऊन राहतं. म्हाताऱ्या, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, झाडून सगळी. तीन दिवस गावात फक्त देव. ह्याला म्हणतात गावपळण. अबोलीनं मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "काय थापा मारतीस गं!" तर म्हणाली, "अक्का, चल माझ्याबरोबर. दाखवतेच."

अबोली म्हणजे माझ्या खानावळीतली. कोल्हापुरात स्टँडच्या मागं माझी खानावळ आहे, तिथं ती एका पावसाळ्यात काम मागायला आली आणि राहिली. जन्माला मुलगा म्हणून आली, पण आपण मुलगी आहोत हे तिला कळतं वयापासून ठाऊक. विशीत तिनं साडी नेसली आणि परसातल्या फुलांवरून स्वतःला नाव ठेवलं. थोरल्या भावानं, दिगंबरनं, त्याच दिवशी तिचे कपडे अंगणात फेकले. चार माणसं बसली आणि ठरलं, हिनं हद्दीच्या आत पाय टाकायचा नाही. बाप आधीच गेलेला. आई तेवढी आत राहिली.

म्हणून ही दर गावपळणीला जाते. गाव हद्दीबाहेर येतं तेव्हा आईही बाहेर येते, आणि तीन दिवस मायलेकी एका खोपीत राहतात. बाकीची वर्षं नुसता फोन, तोही दिगंबर घरात नसेल तेव्हा.

यंदा म्हातारीच्या डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू होता आणि चार पावलांवर दम लागत होता. अबोली कांदा चिरता चिरता म्हणाली, "अक्का, पुढच्या पळणीपर्यंत आये काय उरत नाही. एकदा तिचा हात धरून घरापर्यंत जायचंय. चुलीपाशी बसायचं, पेज प्यायची नि यायचं. रात्रसुद्धा नको." एवढंच तिचं मागणं होतं. मी खानावळ बहिणीवर टाकली आणि पिशवी भरली.

गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर सगळे त्या गावालाच नावं ठेवतील, आणि आपापल्या गावाकडं बघायचं राहून जाईल.

फोंड्याचा घाट

घाटात मला गाडी लागली. कोल्हापूरची बाई, तांबडा रस्सा पचवणारी, आणि लिंबू चोखत खिडकीला डोकं टेकून बसलेली. अबोलीनं डोक्यावर पदर घेतला होता. समोरच्या सीटवरचा एक गृहस्थ मान वळवून वळवून तिच्याकडं बघत होता. मी डोळे उघडून म्हटलं, "काय भाऊ, ओळखीचं वाटतंय का कोण?" मग मानगूट सरळ झालं. अबोली मात्र मलाच दटावते, "कशाला गं अक्का भांडतीस? मला सवय आहे."

सवय आहे म्हणे. असल्या सवयीला आग लागो.

खोटं कशाला बोला, आमच्या भागात तरी काय वेगळं आहे? साडी नेसलेला जोगता दारात आला, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मुखवटा ठेवलेली परडी घेऊन, की बायका पायावर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात. तोच जोगता भाड्यानं खोली मागायला आला की त्याच बायका आतून कडी लावतात. अबोलीला खोली शोधताना मी हे डोळ्यांनी बघितलंय. शेवटी माझ्याच माडीवर ठेवली. देवीच्या पायरीवर चालतं, आपल्या जिन्यावर चालत नाही.

कणकवलीला गाडी बदलली. पुढं भात कापून मोकळी पडलेली शेतं लागली, मग काजू, मग माड. हवेला खारा वास यायला लागला तशी अबोली सावरून बसली. पिशवीतून दोन-दोनदा काढून बघत होती, आईसाठी घेतलेलं लुगडं आणि दम्याचं औषध.

व्हाळाच्या अलीकडे

दोन गावांच्या मधून एक ओढा जातो, त्याला तिकडं व्हाळ म्हणतात. पलीकडं तिचं गाव, अलीकडं दुसऱ्याचं. अलीकडच्या माळावर काजूच्या झाडांखाली नारळाच्या झावळ्यांच्या खोपी उभ्या राहत होत्या. कुणी चुलीसाठी दगड मांडतंय, कुणी गाय बांधतंय, पोरं नुसती हुंदडतायत. हिंदू वाड्या एकीकडं आणि मुसलमान वाडी एकीकडं असं काही नव्हतं, जिथं सावली मिळाली तिथं जो तो बसला होता. आणि व्हाळापलीकडं एवढं मोठं गाव, पण एक आवाज नाही. कोंबडासुद्धा आरवत नव्हता.

म्हातारी एका खोपीत गोणपाटावर बसली होती. सुकलेल्या आमसुलासारखी. अबोली वाकली तशी तिनं आधी हात चाचपले, मग बांगड्या, मग तोंड.

"इलंस गो बाय? किती सुकलंस! तुका कोण जेवूक घालणा नाय काय थय?"

मी म्हटलं, "अहो आई, खानावळ माझीच आहे. दोन माणसांचं जेवते तुमची लेक." म्हातारी दात नसलेल्या तोंडानं खळखळून हसली. त्या हसण्यानं मला तिथं घरच्यासारखं वाटलं.

शेजारच्या खोपीत जैनबभाभी. तिच्या घरची मच्छीची पिढीजात दुकानदारी, आवाज असा की खाडीपलीकडं ऐकू जावा. ती आली, अबोलीपुढं मासळीची टोपली आदळली आणि म्हणाली, "बसलंस काय? ही मासळी कोण साफ करतलो?" मला राग आला. पोरगी आताच आली आणि ही कामाला जुंपते! अबोली मात्र पदर खोचून बसली, तोंडभर हसू. नंतर मला म्हणाली, "अक्का, पाहुण्याला इथं कोणी काम सांगत नाही. घरच्यालाच सांगतात. पहिल्या पळणीला सगळ्या मला लांबून बघत होत्या. भाभीनं एकटीनं हाक मारून सुरी हातात दिली."

ते खरंच होतं. तीन दिवसांत बायकांनी तिला पाणी आणायला लावलं, पोरं सांभाळायला लावली, फुगडीला ओढली. एकीनं विचारलं, तिकडं शहरात तुला लोकांचा त्रास कमी आहे का? दुसरी म्हणाली, माझा भाचाही असाच आहे, मुंबईला असतो, कुणाला सांगू नको. मी जैनबभाभीला विचारलं, गावात असताना ह्या अशाच बोलतील का? ती मासे पालथे करता करता म्हणाली, "सगळोच गाव भायर इलो. आता भायरचो कोण नि आतलो कोण? परत गेल्यार मगे बघूक व्हया."

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून घोळ झाला. सगळ्यांची माशाची कढी एकत्र शिजत होती, मी म्हटलं आपलाही हात लागू दे, आणि बरोबर नेलेला कांदा-लसूण मसाला दोन पळ्या घातला. जेवायला बसले तसे एकेकाच्या डोळ्यांतून पाणी. एक आजोबा उठून सरळ व्हाळाकडं पळाले. जैनबभाभी सोलकढीचं भांडं फिरवत ओरडत होती, "ह्या कोल्हापूरवालीक कोणी चुलीकडे सोडल्यान?" अबोली हसून हसून लोळत होती, आणि तिची आई तिच्या पाठीवर हात ठेवून तिचं हसणं हातानं ऐकत होती. तो दिवस मी विसरणार नाही.

त्याच दुपारी म्हातारीनं ओच्यातून अबोलीची फुलं काढली. गाव सोडायच्या सकाळी परसातून चाचपून चाचपून खुडून आणलेली. कोमेजली होती, पण तिनं केळीच्या सोपाच्या दोऱ्यात एकेक अडकवून वळेसार, म्हणजे गजरा केला आणि लेकीच्या केसांत माळला. केस धरून तशीच बसून राहिली बराच वेळ.

दिगंबर सगळं लांबून बघत होता. आईला सकाळ-संध्याकाळ विचारायला यायचा, बहिणीकडं बघायचा नाही. वाईट माणूस म्हणावा तर तसाही नव्हता. आईचे पाय चेपताना मी त्याला पाहिलाय. म्हणूनच माझा राग जास्त वाढत होता.

टोलवाटोलव

तिसऱ्या दिवशी जैनबभाभी, मी आणि चार बायका तात्यांकडं गेलो. तात्या गावचे मानकरी, कौल त्यांच्या समोर लागतो. भाभीनं सरळ विचारलं, "तात्यानू, म्हातारी काय पुढची पळण बघणा नाय. पोर तिका घरापर्यंत पोचवान परत येतला. तुमची ना आसा काय?"

तात्यांनी पानाला चुना लावला, खूप वेळ लावला. "गावाची ना नाय गो. गावाचा काय जाता? पण घर दिगंबराचा. तेना हो म्हणूक व्हया."

दिगंबरकडं गेलो. तो म्हणाला, "माझी ना नाय. पण गाव हो म्हणूक व्हया. उद्या लोक माकाच बोलतले."

परत तात्यांकडं. परत दिगंबरकडं. वाईट म्हणावं असं कुणी बोललंच नाही. एकमेकांच्या खांद्यावर ओझं ठेवून दोघं मोकळे. शेवटी मी वैतागले, म्हटलं, "मग देवालाच विचारा की! उद्या गावात जायचं का म्हणून कौल लावणारच आहात. त्याच वेळी हेही विचारा. उजवा आला तर जाईल, डावा आला तर राहील."

तात्यांनी पानाचा डबा मिटला. मग हळूच म्हणाले, "नको गो बाय. देव हो म्हणालो तर?"

मला हसावं की रडावं कळेना. एवढं मोठं गाव देवाच्या एका शब्दावर घरदार सोडून माळावर येऊन पडतं, आणि ह्या एका प्रश्नाला भितं! खोपीकडं परत येताना जैनबभाभी म्हणाली, "आता विचारूचाच नाय कोणाक. उद्या गर्दीत आमी सगळ्या बायका तिका मधी घेतलंव. डोक्यार पदर, हाताक म्हातारी. कोण बघता?" बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. म्हातारीला सांगितलं तर ती पोरीसारखी खूश. लगेच बेत सुरू, पहिली पेज करूया, खारातलो आंबो काढूया, वरच्या फळयेवर बरणी आसा. संध्याकाळभर तिच्या तोंडात दुसरा विषय नव्हता.

परत

चौथ्या दिवशी सकाळी कौल मिळाला. देवळाकडून ढोल वाजला आणि माळावर एकच धांदल उडाली. खोपी मोडल्या, गुरं सुटली, माझ्या पिशवीत एका कोंबडीनं अंडं घालून ठेवलं होतं ते तसंच राहिलं.

आणि दिगंबर आला. मला वाटलं आता भांडण, मी पदर खोचला. पण तो ओरडला नाही. अबोलीसमोर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"बायकांचो बेत माका कळलो. माझ्या चेडवाचो साखरपुडो ठरलोहा. तेंच्याकडची माणसा आज घराकडे येतली. तुझ्या पाया पडतंय. आज नको."

इतक्या वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला, तो हे. ओरडला असता तर ती गेली असती, हट्टानं गेली असती, मला तिचा स्वभाव ठाऊक आहे. जोडलेल्या हातांपुढं तिचं काही चाललं नाही. तिनं विचारलं, "पोरगी बरी आसा मा?" तो मान खाली घालून म्हणाला, "बरी आसा." आणि गुरांमागं निघून गेला.

जैनबभाभीला कळलं तशी ती पेटली. "माझ्या घराक चल. माझ्या उंबऱ्यार कोण अडवता बघतंय!" पण अबोलीनं मान हलवली. "नको भाभी. तुला उगाच बोल लागेल. मी उद्या जाणार, तुला इथंच रहायचंय." भाभीनं तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

मग अबोली मला बाजूला घेऊन म्हणाली, "अक्का, आयेला सांगू नको. ती व्हाळातच बसेल, नाही येणार म्हणेल. मी धरून नेते काठापर्यंत. तिथं तू हात धर. तिला दिसत नाही, गर्दी असेल, कळायचं नाही. घरात पोचल्यावर सांग, अबोली मागून येतेय. तोवर ती आपल्या खाटेवर टेकलेली असेल."

मी नाही म्हटलं, दोनदा म्हटलं. तिनं आईचं गाठोडं उचलून माझ्या काखेत दिलं.

व्हाळात घोटाभर पाणी. गुरं उतरली, पोरं उतरली, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका उतरल्या. ठरल्याप्रमाणं बायकांनी आम्हाला मधे घेतलं. म्हातारी लेकीच्या हाताला धरून सांगत होती, तू लहान असताना ह्याच पाण्यात पडलेलंस, आठवता? अबोली म्हणाली, "आठवता गो आये." आणि तिनं हळूच आईची बोटं सोडवली, माझ्या हातात दिली, आणि मागं थांबली. म्हातारीचं पाऊल क्षणभर अडखळलं. मग ती चालायला लागली.

आणि मी, कोल्हापूरची, ना नात्याची ना गोत्याची, त्या गावात शिरले. कुणी अडवलं नाही. उलट एकजण म्हणाला, "येवा मावशी, आमचो गाव बघा." पोटची पोर व्हाळावर, आणि मी आत! मला माझ्याच पायांची लाज वाटत होती.

वाटभर म्हातारी एक शब्द बोलली नाही. घर आलं, परसात अबोलीची झाडं भरून फुललेली. सून सडा घालत होती. म्हातारी खाटेवर टेकली नाही, सरळ चुलीपाशी गेली. मी पाठ केलेलं वाक्य काढलं, "आई, अबोली मागून येतेय—"

"गप ऱ्हवा," ती म्हणाली. माझा हात तिनं अजून सोडला नव्हता. "व्हाळार हात बदललो तेवाच माका कळला. माझ्या चेडवाचो हात माका कळाचो नाय?"

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोललंय असतंय तर ती थयच रडली असती, सगळ्या गावासमोर." तिनं चुलीत लाकूड सारलं. "तुमी तिका सांगू नकात, माका कळला म्हणान. तिका वाटू दे, मी सुखान घराक गेलंय."

मी वचन दिलं. म्हातारीनं हातानं चाचपत तांदूळ धुतले, पेज शिजवली. बरणी काढायला स्टुलावर मला चढवलं. डब्यात पेज ओतली, वर खारातला आंबा ठेवला आणि फडकं घट्ट बांधलं. "गरम आसा तोपर्यंत पोचवा," म्हणाली.

निघाले तर वाटेत दारादारांतून बायका डबे घेऊन उभ्या. कुणाचे घावणे, कुणाची उसळ, जैनबभाभीची तळलेली मासळी. प्रत्येकीच्या तोंडी तेच, अबोलीला द्या. माझ्या दोन्ही हातांत मावेनात. जेवायला घालायला अख्खं गाव पुढं आलं होतं, आणि ये म्हणायला एक दार नव्हतं. रागावू तरी कुणावर, त्यातल्या निम्म्या रडत होत्या.

मोडलेल्या खोपींच्या झावळ्यांत अबोली एकटी बसली होती, केसांत तो सुकलेला वळेसार. मला बघून धावत व्हाळाच्या काठापर्यंत आली.

"अक्का, पोचली ना नीट? आयेला कळलं नाही ना?"

"छे गं," मी म्हटलं. "काही कळलं नाही तिला. सुखानं गेली."

तिनं हुश्श केलं. मग तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. बाकीचे डबे मी गवतावर ठेवले होते, पण म्हातारीचा डबा हातातच होता, चटका बसत होता तरी. तिनं तो घेतला, फडकं सोडलं. वाफ आली. पेजेवर खारातला आंबा होता.

ती डब्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली.

अबोली व्हाळापलीकडं, घराच्या दिशेला तोंड करून बसली आणि गरम होती तोवर पेज प्यायली.